एका टांग्याचें तिकीट

पावसाळा सरला म्हणजे पेट्या उघडून जुन्या कागदपत्रांस ऊन दाखवावयाचें, ही आमच्या जळगांवच्या घरची जुनी चाल. यंदा त्या कागदांत आमच्या कैलासवासी वडीलबंधूंची टपाल-तिकिटांची वही निघाली. त्यांस शाळकरी वयापासून या गोष्टीचा नाद. पानोपानीं त्यांनीं देशांचीं नांवें वळणदार अक्षरांत लिहिलेलीं असून एका पानावर ‘स्पेन’ असा मथळा व त्याखालीं सात तिकिटें आहेत.

त्यांचा बारा वर्षांचा नातू भिंग घेऊन तें पान न्याहाळीत होता. तो एकदम म्हणाला, “आजोबा, हें सातवें तिकीट स्पेनचें दिसत नाहीं. मोठ्या आजोबांची चूक झाली आहे. खोडून नीट लिहूं का?”

उंबऱ्याशीं वहिनी बसल्या होत्या. त्या कांहींच बोलल्या नाहींत. मात्र वही ओढून घेऊन त्यांनीं ती मिटली व मांडीवर ठेवली.

आमची पंचाईत झाली. मुलाचें म्हणणें पारखून न पाहतां दडपून टाकणें शिक्षकास शोभत नाहीं. आणि तें खरें ठरल्यास वहिनींचें मन दुखावणार. तेव्हां आधीं निर्णय, मग पुढचा विचार, असें ठरवून आम्हीं वही मागून घेतली.

स्पेनचीं जुनीं तिकिटें ओळखणें सोपें नव्हे. त्या देशानें पहिलें तिकीट १ जानेवारी १८५० रोजीं काढलें. काळ्या रंगाचें, सहा क्वार्तो किंमतीचें, इझाबेला राणीच्या मुखवट्याचें. त्यावर देशाचें नांव नाहीं. ‘कोरेओस’, म्हणजे टपाल, हाच शब्द ठळक. पुढेंहि कांहीं वर्षें तोच प्रकार. त्यामुळें ज्यावर देशाचें नांव लागत नाहीं आणि असा शब्द दिसतो तें तिकीट स्पेनचें, असा आडाखा सहज बांधला जातो. वडीलबंधूंनींहि तोच बांधला असावा. कारण या तिकिटाची वरची कड फाटलेली, आणि खालच्या नांवावर शिक्क्याची शाई पसरलेली आहे.

परंतु टपालाला पोर्तुगीज शब्द आहे ‘कोरेइओ’. रोमन लिपींत स्पॅनिश शब्दांतील ‘ई’पुढें लगेच ‘ओ’ येतो. पोर्तुगीज शब्दांत त्या दोहोंमध्यें ‘आय्’ बसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढा लेखनाचा फरक, तेवढाच हा. पण अर्थ कोठल्या कोठें जातो! भिंगाखालीं तो ‘आय्’ स्पष्ट दिसला.

तथापि एका अक्षरावर निकाल देऊं नये. दुसरा साक्षीदार म्हणजे नाणें. स्पेनच्या तिकिटांवर आरंभीं क्वार्तो व रेआल, आणि १८७२ पासून पेसेताचे सेंतिमो. येथें मात्र किंमत होती ‘१ टांगा’. नातवास हंसूं आवरेना. “आजोबा, घोडा कुठें आहे?”

आम्हांस घोडा नव्हे, पण जुना सोबती भेटला. संस्कृतांत ‘टंक’ म्हणजे ठसा मारलेलें नाणें. आपली टांकसाळ त्यावरूनच. हाच शब्द गोव्यांत ‘टांगा’ झाला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचें चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशीं जुळवून घेण्यांत आलें. तेव्हां बारा रेइसांचा एक टांगा व सोळा टांग्यांची एक रुपिया असा हिशेब ठरला. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया ज्यांच्या आजोबांनीं मोजला, त्यांस हें कोष्टक निराळें शिकवावयास नको.

तिसरी साक्ष चित्राची. हातांत विळा घेतलेली ती स्त्री म्हणजे धान्याची रोमन देवता सेरेस. १९१० सालीं पोर्तुगालांत राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलें, त्यानंतर तिकिटांवर राजाच्या जागीं ही देवता आली. चौथी साक्ष शिक्क्याची. त्यांतील पुसट अक्षरें ‘नोव्हा गोवा’ अशीं लागलीं. १८४३ पासून पणजीचें सरकारी नांव हेंच होतें. सारांश, तिकीट दूरच्या स्पेनचें नव्हे, शेजारच्या गोव्याचें!

गोव्याचीं तिकिटें हा स्वतंत्रच अभ्यास आहे. १८७१ सालचीं पहिलीं तिकिटें तेथेंच छापलीं गेलीं; एका ठशांत पार्श्वभूमीच्या रेघा ३३, तर दुसऱ्यांत ४४. त्या मोजल्यावांचून प्रकार ठरत नाहीं. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला आणि ही परंपरा संपली.

निर्णय लागला, पण वही दुरुस्त कशी करावी? नोकरींतील पुष्कळ वर्षें आम्हीं धुळ्यास काढलीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळहि तेथेंच आहे. अशा ठिकाणीं वावरलेल्या मनुष्यास जुन्या कागदावर खाडाखोड करवत नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली. तींतहि न स्वीकारलेले पाठ पानाच्या तळाशीं जपून ठेवले आहेत. तेव्हां ‘स्पेन’ हा शब्द तसाच ठेवावा आणि तिकिटाखालीं कारणासहित नवी चिठ्ठी लावावी, असें आम्हीं सुचविलें. वहिनींचा चेहरा तरीहि उतरलेलाच होता.

कागद व दांते तपासावे म्हणून आम्हीं तिकीट त्याच्या कागदी पट्टीवर अलगद उलटलें. खालीं पानावर पेन्सिलीनें, वडीलबंधूंच्याच हातचें, एक बारीक प्रश्नचिन्ह होतें.

वहिनी पुष्कळ वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनीं विचारून ठेवलेंच होतें कीं! द्या उत्तर लिहून. अक्षर मात्र याचें असूं द्या.” नातवानें चिठ्ठी लिहिली व खालीं तारीख घातली.

वाचकांस एवढीच विनंति. घरांत जुनीं पाकिटें असल्यास मुलांच्या हौसेखातर त्यांवरील तिकिटें कापूं नयेत किंवा भिजवून काढूं नयेत. शिक्का हा गांवाचा व तारखेचा साक्षीदार असतो, आणि तो तुटला कीं पुन्हां बोलत नाहीं. आणि मुलांनीं वडिलांची चूक दाखविली, तर रागावण्यापूर्वीं पट्टी उचलून पाहावी. खालीं प्रश्नचिन्ह असण्याचा संभव आहे.