नंदुरबारच्या मुलांनी हवामान का शिकू नये?

बारावीचे निकाल लागले की आमच्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सेनंतर एकच विषय असतो : आता पुढे काय? चर्चच्या आवारात पालक घोळक्याने उभे राहतात आणि दहा मिनिटांत मुलामुलींच्या आयुष्याची वाटणी करून मोकळे होतात. मुलगी असेल तर नर्सिंग, मुलगा असेल तर आयटीआय, गुण बरे असतील तर अभियांत्रिकी, आणि यांतले काहीच जमले नाही तर कला शाखेत नाव घालून पोलीस भरतीची तयारी. गेल्या जूनमध्ये अशाच एका घोळक्यात अक्राणी तालुक्यातील एका मुलीने आपल्याला हवामानाचे शास्त्र शिकायचे आहे, असे सांगितले. विज्ञान शाखेत तिला चांगले गुण मिळाले होते. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अगं पोरी, पाऊस पडेल की नाही हे सांगायला पदवी कशाला लागते? तुझा आजा मुंग्या पाहून सांगत होता." सगळे हसले. मुलगीही हसली. पुढच्या आठवड्यात तिने नर्सिंगचा अर्ज भरल्याचे आमच्या कानी आले.

नर्सिंगविषयी आम्हांला अनादर नाही. आमच्याकडची कितीतरी घरे परिचारिका झालेल्या मुलींनी सावरली आहेत. आमचे भांडण आहे ते त्या हसण्याशी. हवामानाचे शास्त्र ही पुण्या-मुंबईकडच्या लोकांची चैन आहे, सातपुड्याच्या पोरांनी तिच्याकडे पाहू नये, असा त्या हसण्याचा अर्थ होता. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हे शास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकवले गेले पाहिजे, आणि महाराष्ट्रात ते कोठे आधी शिकवायचे असेल तर नंदुरबार जिल्ह्यात शिकवले गेले पाहिजे.

असे म्हणण्यास आधार आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा आपला जिल्हा. २०१४ साली 'टेरी' या संस्थेने राज्य शासनासाठी हवामानबदलाचा अभ्यास केला, त्यात महाराष्ट्रातील सर्वांत असुरक्षित जिल्हा म्हणून नंदुरबारचे नाव आले. असुरक्षित याचा अर्थ येथे सर्वांत अधिक ऊन पडते किंवा सर्वांत अधिक पाऊस कोसळतो, असा नव्हे. ऋतू बिघडला असता तो सोसण्याचे बळ येथील माणसांकडे कमी आहे, असा तो अर्थ आहे. हे समजायला अहवालही नको. नंदुरबारच्या बाजारात आलेली ओली लाल मिरची उघड्या मैदानावर पथाऱ्यांवर वाळत घातलेली असते. हिवाळ्याच्या तोंडावर एक अवकाळी सर आली की व्यापारी, शेतकरी आणि मिरची निवडणाऱ्या बायाबापड्या एकदमच रिकाम्या हाताने घरी जातात. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून आमचुरासाठी वाळवतात. त्या भिजून काळ्या पडल्या की भाव उतरतो. खरीप बुडाला की दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्यांच्या ट्रकात दोन माणसे जास्त बसतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेत जाणारी पोरेही.

आता मोजमापाची गोष्ट पाहा. चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती शासनाच्या लेखी अतिवृष्टी. हा आकडा गाठला तर पंचनाम्याची आणि मदतीची वाट मोकळी होते. २०१७ पासून राज्यात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, हे चांगलेच झाले. परंतु सातपुड्यात एका डोंगरसोंडेच्या अलीकडे ऊन असते आणि पलीकडच्या दरीत नाल्याला पूर येतो. केंद्रावर ६० मिलिमीटर नोंदले गेले आणि पलीकडच्या पाड्यावर शेताची मातीच वाहून गेली, तर त्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागावी? तो फक्त "पाऊस फार झाला" एवढे सांगू शकतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. डोंगराने वारा वर ढकलला की एका उतारावर पाऊस का वाढतो. एका केंद्राचा आकडा किती अंतरापर्यंत खरा मानावा. हे सर्व कागदावर मांडून तहसील कार्यालयात उभे राहू शकेल असा त्याच पाड्यावरचा एक मुलगा किंवा मुलगी हवी. तशी माणसे पदवीच्या वर्गातच तयार होतात.

आजा मुंग्या पाहून सांगत होता, हे खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या निसर्ग न्याहाळून साठवलेले ते ज्ञान होते. पण ते ज्या ऋतुचक्रावर उभे होते ते चक्रच आता हलले आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून दीर्घ उघडीप आणि मग एकाच दिवशी कोसळणारा पाऊस, अशी जोडी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्या पट्ट्याला आपला डोंगर लागूनच आहे. आजाच्या खुणा अजून कितपत जुळतात हे तपासायचे असेल, तर त्या खुणांशेजारी पावसाचे रोजचे आकडे लिहून ठेवावे लागतील. नातीने हवामान शिकले तर आजाचे ज्ञान वाया जाणार नाही, उलट त्याची पहिल्यांदाच नीट नोंद होईल.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि त्याला आम्ही हसून उडवणार नाही. नोकरी कोठे आहे? खरे सांगायचे तर थोडी आहे. ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली होती. नंदुरबारलाही त्यांतले एक मिळाले होते. आठवड्यातून दोनदा तालुक्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला तेथून निघे. २०२४ साली ही सर्व केंद्रे बंद करण्यात आली. ज्या जिल्ह्याला सर्वांत असुरक्षित म्हणायचे त्याच जिल्ह्याचा हवामान सल्लागार काढून घ्यायचा, हा न्याय आम्हांला उमगलेला नाही. परंतु यातून पालकांनी काढलेला निष्कर्षही आम्हांला मान्य नाही. केंद्र बंद झाले तेव्हा जिल्ह्यातून त्याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही, कारण काय गमावले हे सांगू शकणारी माणसे येथे मूठभरच होती. जागा आधी आणि शिकलेली माणसे नंतर, असे क्वचितच घडते. शिवाय गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या पायावर हवामान शिकलेला पदवीधर उपाशी राहत नाही. पाणलोटाची कामे, पीकविमा, धरणांचे व्यवस्थापन, सौर ऊर्जा, शाळेतील अध्यापन, या सर्वांना तो चालतो. पाया कच्चा असेल तर मात्र तो कोठेच चालणार नाही.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आहे. ते म्हणतात, आधी भौतिकशास्त्र किंवा गणित पक्के करा, हवामान नंतर एम.एस्सी.ला शिका. उदाहरणेही वजनदार आहेत. १९०४ साली भारतीय वेधशाळांचे प्रमुखपद स्वीकारणारे गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती होते. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका त्यांनीच ओळखला. हवामान मोजण्याची उपकरणे भारतातच बनावीत म्हणून पुण्यात झटलेल्या अन्ना मणी यांनी १९३९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेतली ती भौतिकी आणि रसायन या विषयांत. हे सर्व आम्हांला मान्य आहे. पायाविना पदवी देऊ नये, हे तर आम्हीच म्हणतो. पण विद्वानांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. आमच्या बहुतेक घरांत पहिली पदवी हीच शेवटची पदवी असते. त्यानंतर बी.एड., नाहीतर स्पर्धा परीक्षा, नाहीतर लग्न. जो विषय एम.एस्सी.साठी राखून ठेवला, तो आमच्या मुलांपासून राखून ठेवला, असाच त्याचा अर्थ होतो. आज या मुलाला पुण्याच्या 'आयसर'मध्ये पृथ्वी व हवामान विज्ञान विभाग आहे हे कळले तरी प्रवेश परीक्षेची चाळणी आणि पुण्याचा खर्च समोर उभा राहतो. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे. तेथवर पोहोचण्याआधीच आमची बरीचशी मुले गळालेली असतात.

कोणी म्हणेल, पर्यावरण तर आता सर्वांनाच सक्तीचे आहे. होय, आहे! सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. हेतू उत्तम होता. वर्गावर्गांत त्याचे काय झाले हे पालकांनी आपल्याच मुलांना विचारावे. बाजारातून मार्गदर्शिका आणायची, ओझोनच्या थरावर टीप पाठ करायची, इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प बांधून द्यायचा आणि गुण घ्यायचे. उंबरठ्याबाहेरच्या पावसाचा एक थेंबही त्यात मोजला जात नाही. हवामानाची पदवी याच वळणावर जाणार असेल, नुसते मोठे नाव देऊन शुल्क वाढवण्यासाठी निघणार असेल, तर ती न निघालेली बरी. त्यापेक्षा साधी भौतिकशास्त्राची पदवी घ्या, असे आम्हीच पालकांना सांगू.

आमच्या मनातला वर्ग वेगळा आहे. थंडीत अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात दव गोठल्याची बातमी येते. त्या वर्गातील मुले तापमापक घेऊन रात्री तेथे जातील. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा गार व जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. म्हणून तळ गोठतो आणि माथा तुलनेने उबदार राहतो. हे पुस्तकातील वाक्य त्यांनी दोन्हीकडचे आकडे घेऊन स्वतः पडताळलेले असेल. मग त्याचे समीकरण मांडण्यासाठी लागणारे गणित शिकताना कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडणार नाही.

ख्रिस्ती कुटुंबांना हा विषय परका वाटावा, याचे तर आम्हांला विशेष नवल वाटते. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर लाफों यांनी १८६७ साली वायुभारमापकाचे वाचन पाहून येणाऱ्या चक्रीवादळाची सूचना प्रशासनाला दिली. हव्हानात फादर बेनितो विन्येस यांनी १८७५ साली आणि मनिला येथे फादर फाउरा यांनी १८७९ साली वादळाचे इशारे दिले. ही माणसे प्रार्थना कमी करीत होती काय? वादळ टळावे म्हणून गुडघे टेकणे आणि वादळ केव्हा येईल हे मोजणे, यांत त्यांना विरोध दिसला नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हवामान ही सर्वांची सामायिक ठेव असल्याचे सांगितले. त्या परिपत्रकावर आमच्याकडे प्रवचने झाली, झाडेही लावली गेली. पण पोपमहोदयांनी त्यात शास्त्रज्ञांच्या निष्कर्षांना पुढचे स्थान दिले होते. ते निष्कर्ष काढणाऱ्यांत आपल्या वसतिगृहातले मूल असावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

म्हणून आमचे मागणे थोडक्यात मांडतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि क्षेत्रप्रकल्प यांची सोय केली आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील महाविद्यालयांनी भौतिकशास्त्र, गणित किंवा भूगोल यांना जोडून हवामानशास्त्राचा गौण विषय आधी सुरू करावा, आणि शिक्षक व उपकरणे जमल्यावर पूर्ण पदवी द्यावी. आमच्या मिशनशाळांनी आणि वसतिगृहांनी आवारात पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी पाऊस वहीत लिहावा. याला मोठा निधी लागत नाही. एका सणाच्या मंडपाच्या खर्चात कित्येक शाळांची सोय होईल. दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या, तर मंडळाच्या केंद्रावरील आकड्यासमोर ठेवायला आपल्याकडे स्वतःचा आकडा असेल.

आणि पालकांकडे एक मागणे. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या मिरधा या खेड्यातील एका मुलाच्या शाळेत विज्ञान हा विषयच नव्हता. त्याच्या वडिलांनी पुस्तके आणून दिली, त्याने ती वाचून काढली. पुढे बनारस, पुणे आणि अमेरिका असा प्रवास करीत तो मुलगा, जगदीश शुक्ल, मोसमी पावसाच्या अंदाजाचा जगन्मान्य शास्त्रज्ञ झाला. त्या वडिलांच्या जागी चर्चच्या आवारातला आमचा घोळका असता तर काय झाले असते, याचा विचार आपण सर्वांनी करावा. येत्या जूनमध्ये पुन्हा निकाल लागतील. पुन्हा एखादी मुलगी तोच शब्द उच्चारील. तेव्हा आपण हसू नये. तिचे गणित कसे आहे एवढे विचारावे, आणि ते कच्चे असेल तर तिच्यासाठी शिकवणी शोधावी.