घर माळाला, ऊस मळीला



पुण्या-मुंबईला असलेली आपली पोरं हल्ली विचारतात, "गावाकडं थोडी जमीन घ्यायची, घर, परसबाग, दोन म्हशी. संकटात कुणावर अवलंबून राहायला नको. आपला कोल्हापूर जिल्हा त्याला कसा?"

माझं मत: जिल्हा चांगलाच आहे, पण जिल्हा बघून जमीन घेऊ नका, गट नंबर बघून घ्या.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाखांवर होती, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे 500 माणसं. त्यामुळं जमीन महाग आणि तुकडे लहान. पण हीच माणसं पुरात धावून येतात. म्हणून लांब डोंगरात एकटं घर बांधणं मला पटत नाही. पश्चिमेला पाऊस जास्त, दरडीची भीती, आणि हाकेला कोणी नाही.

दुसरी चूक नदीकाठची. मळीची जमीन उसाला सोन्यासारखी, घराला नाही. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा महामार्ग बंद पडला. 2019 ला कोल्हापूर शहरात उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असून नळाला पाणी नव्हतं. आमच्या घरी तेव्हा म्हशी वेळेत माळावर नेल्या, पण वैरण खालच्या गोठ्यातच राहिली. जनावरं वाचली आणि उपाशी राहिली. ती चूक माझीच.

म्हणून जमीन घेण्याआधी:
✅ निळी आणि लाल पूररेषा तपासा. घर, गोठा, विहीर लाल रेषेच्या बाहेर हवी.
✅ जमीन एप्रिलात बघितली तरी व्यवहार जुलै-ऑगस्टात एकदा बघूनच करा.
✅ 2005, 2019, 2021 ला पाणी कुठवर आलं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आणि जे आधीच पूरपट्ट्यात राहतात त्यांनी:
✅ एका म्हशीला रोज 5-6 किलो सुकी वैरण धरा. दोन म्हशींची 10 दिवसांची, म्हणजे 100-120 किलो, जूनच्या आतच माळावर ठेवा. बियाणंही तिथंच.
✅ राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. जनावरं 39 लाच हलवा, 43 ची वाट बघू नका.

स्वयंपूर्ण घर म्हणजे एकट्याचं घर नव्हे. उंचावरची जागा आणि हाकेच्या अंतरावर शेजारी, एवढं असलं की पाच गुंठे पण पुरतात.

– आपला कृषी सल्लागार