दुसऱ्या टोकाच्या एकवीस धावा

विजय हजारे ट्रॉफीचे सामने सुरू झाले की मोबाइलवर धावफलक बघणाऱ्या पोरांना मी मुद्दाम सांगतो, "हे हजारे आपल्या सांगलीचे, बरं का! 1915 साली इथंच जन्मले." परवा त्यातल्या एकानं विचारलं, "मग ते बडोद्याकडून का खेळले?"

प्रश्न रास्त होता. उत्तर पोटापाण्याचं आहे. त्या काळी क्रिकेटवर चूल पेटत नसे. आपल्याकडे पैलवानाचा खुराक जसा संस्थानातून यायचा, तसा क्रिकेटपटूलाही दरबाराचाच आधार. शिक्षकाच्या घरातल्या या मराठी ख्रिस्ती मुलाला आधी देवासच्या महाराजांनी हाताशी धरलं. ऑस्ट्रेलियाचा फिरकीचा उस्ताद क्लॅरी ग्रिमेट त्याला गुरू म्हणून लाभला. पुढे बडोद्यानं लष्करात नोकरी दिली. हजाऱ्यांनी ती धावांनी फेडली. 1947 च्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर त्यांनी केलेली 577 धावांची भागीदारी 2006 पर्यंत जगात कुणाला ओलांडता आली नाही.

मला मात्र त्यांची हरलेल्या सामन्यातली खेळी अधिक जवळची वाटते. 1943 चा डिसेंबर, ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगीचा अंतिम सामना. तेव्हा संघ धर्मावरून पडत. हे मला आजही बोचतं. हजारे 'रेस्ट'मध्ये, म्हणजे उरलेल्यांच्या संघात. हिंदू संघानं 5 बाद 581 वर डाव सोडला, एकट्या विजय मर्चंटच्या नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला आणि फॉलोऑन गळ्यात पडला. दुसऱ्या डावात त्यांच्या 387 झाल्या. त्यातल्या 309 हजाऱ्यांच्या!

त्यात भाऊ विवेकबरोबरची भागीदारी 300 धावांची, आणि विवेकच्या स्वतःच्या फक्त 21. समोर भाऊ धावांची रास घालतोय, आणि आपण आपल्या हौसेला मुरड घालून चेंडू नुसता अडवायचा. पुन्हा पुन्हा अडवायचा. एवढं करून सामना एक डाव 61 धावांनी गेलाच.

1948 साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, 116 आणि 145. 1952 मध्ये मद्रासला भारतानं पहिलीवहिली कसोटी जिंकली, तेव्हा कर्णधार तेच होते. हे सगळं मी पोरांना सांगतोच. पण सुरुवात विवेकच्या 21 धावांपासून करतो.