कल्पनाराज्यांतील दुटप्पी कायदा

अद्भुत कथेला सुसंगतीचा काटा लावूं नये, असें आम्हांस वारंवार ऐकविण्यांत येतें. आमचें मत नेमकें उलट आहे. अद्भुताला सृष्टीचे नियम लागू नसतात. म्हणूनच त्यानें स्वतःचे नियम तरी पाळले पाहिजेत. अमेरिकेंतील बेथेस्डा कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणक-खेळांच्या मालिकेवर आमचा आक्षेप आहे तो याच मुद्द्यावर. तींत खेळणारा एका विस्तीर्ण कल्पित साम्राज्यांत स्वैर हिंडतो. त्या साम्राज्याचा इतिहास, धर्म व कायदे खेळांतीलच शेंकडों ग्रंथांतून वाचावयास मिळतात. हा उद्योग स्तुत्य खरा. परंतु ग्रंथ एक सांगतात आणि खेळ दुसरेंच करतो.

2002 सालच्या ‘मॉरोविंड’मध्यें मंत्रबळानें आकाशांत तरंगतां येई. 2006 सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्यें ती विद्या लुप्त झाली, आणि कायद्यानें तिला बंदी झाल्याचें कारण देण्यांत आलें. खरी गोष्ट अशी कीं, या खेळांत तटबंद शहरें भोंवतालच्या प्रदेशापासून निराळीं ठेवलेलीं असून वेशींतून शिरल्यावरच तीं उभीं राहतात. तटावरून उडून येणारास आंत शहर सांपडलेंच नसतें. ही अडचण आम्ही समजूं शकतों. परंतु याच राज्यांत खून व चोरी यांसही बंदी आहे, आणि खेळणारा दोन्ही गुन्हे खुशाल करून दंड भरतो किंवा तुरुंगांत जातो. मग या एकाच कायद्यास गुन्हेगाराचे हात आधींच बांधून ठेवण्याचें सामर्थ्य कोठून आलें? याच खेळांत नायकाचें बळ वाढतें तसें शत्रूंचेंही वाढतें. परिणामीं हजारों मोहोरांचें दुर्मिळ चिलखत ल्यालेला वाटमाऱ्या वाटसरूपाशीं शंभर मोहोरा मागतो!

“यंत्राच्या मर्यादा लक्षांत घ्या,” असें या मालिकेचे कैवारी म्हणतील. त्या आम्ही घेतों. राजधानींत वीस-पंचवीसच घरें दिसलीं तर तो रंगभूमीवरील संकेतासारखा संकेत मानावा. चार शिपायांना सैन्य समजणारास तें जड नाहीं. परंतु 2011 सालच्या ‘स्कायरिम’मध्यें एखाददुसऱ्या प्राथमिक मंत्राच्या भांडवलावर, केवळ तलवारीच्या जोरानें, कोणीही मंत्रविद्यापीठाचा मुख्याचार्य होतो, तेथें यंत्राची कोणती मर्यादा आड आली? ‘मॉरोविंड’मध्यें मांत्रिकसंघांत वरचें पद मिळविण्यास त्या विद्येंत ठराविक प्रावीण्य लागत असे. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीं जें साधलें होतें, तें पुढें जाणूनबुजून सोडलें. कोणासही कोणतें दार बंद वाटूं नये, हा त्यामागील हेतु उघड आहे; पण जें पद अडाण्यासही मिळतें, त्याचा मान ग्रंथांनीं कितीही गायिला तरी तो कोणास वाटावा?

संकेत वाचकाच्या कल्पनेला हात देतो; विसंगति तिचा हात झिडकारते. हा भेद ज्या कर्त्यास कळत नाहीं, त्यानें आणखी शंभर ग्रंथ लिहिण्यापेक्षां लिहिलेल्यांपैकीं एक खरा करून दाखवावा.