नारोशंकराची घंटा

मोठ्या आवाजाच्या माणसास ‘नारोशंकराची घंटा’ का म्हणतात, हे पंचवटीत वाढलेल्यास सांगावे लागत नाही. परंतु ती घंटा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासाठी ओतलेली होती, हे आपणांपैकी कितीजणांच्या ध्यानी असते? तिच्यावर १७२१ हा इसवी सनाचा आकडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर ती इकडे आली, असे परंपरेने मानले जाते. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये गोदेच्या काठी रामेश्वराचे देऊळ उभारले आणि परक्या धर्माच्या या घंटेस तेथे नवे काम मिळाले.

घंटा टिकली, तिच्या मायघरांचे काय झाले? वसईच्या किल्ल्यातील बहुतेक प्रार्थनामंदिरे आज छपरावाचून उभी आहेत. पूजकच निघून गेल्यावर त्यांना काम उरले नाही, आणि ज्या वास्तूस काम नाही तिच्या छपरावर कोणी चढत नाही. एक फुटके कौल वेळीच न बदलल्यास तुळई कुजते, मग भिंतीत पाणी उतरते. पुढचे सांगावयास नको.

याच्या उलट उदाहरण जुन्या गोव्यात आहे. सतराव्या शतकारंभी जोगिणींसाठी बांधलेल्या सांता मोनिका मठाच्या प्रार्थनामंदिरात २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथे मूर्तींच्या मांडणीने वास्तूशी जुळवून घेतले आहे. रूपांतर असे असावे. संग्रहालयाचा फलक लावून आत प्लायवूडच्या खोल्या पाडणे, हे आम्ही रूपांतर मानीत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२७ चा सिंहस्थ जवळ आहे आणि गोदाकाठी बांधकामाची घाई आहे. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात. मालकाजवळ पैसा नसतो, भाडेकरू हलत नाही, आणि अखेर एके रात्री श्रावणसर निकाल देते. नदीपलीकडचा सरकारवाडा शासनाने संरक्षित केला म्हणून त्याचे कोरीव खांब आज पाहता येतात. पंचवटीतील खाजगी वाड्यांना असा वाली नाही. यात्रेकरूंसाठी नवे निवारे बांधावेच लागणार आहेत. मग त्यांतील काहींसाठी सागवानी चौकाचे जुने वाडे दुरुस्त करून का घेऊ नयेत?

पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी प्रत्येक वाड्याची पाहणी जुन्या इमारतींच्या जाणकाराकडून व्हावी, त्याचा अहवाल लोकांसमोर ठेवावा, आणि चुन्यातील भिंतींना सिमेंटचा गिलावा देण्यास स्पष्ट मनाई असावी. सिमेंट ओल आत कोंडते व भिंत आतून पोखरते. काळ्या दगडास ऑइलपेंट फासण्याची हौसही आवरावी. महापालिकेने हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे, अशी आमची मागणी आहे.