सीआरपी वाढले म्हणजे नैराश्य नव्हे



नैराश्याचे निदान आता सीआरपी या दाहदर्शक प्रथिनाच्या रक्ततपासणीने होईल, हा आपण छापलेल्या लेखातील दावा घाईचा आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध शिरेतून दिले, उरलेल्यांना प्लासिबो. एकंदरीत फरक पडला नाही. मात्र सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून जास्त असलेल्यांत सुधारणेचा कल दिसला. म्हणजे दाहाचा धागा काही रुग्णांपुरताच. मग तपासणी निरुपयोगी का? तसेही नाही, उपचार निवडताना ती पुढे उपयोगी पडू शकेल. पण सीआरपी लठ्ठपणाने, हिरड्यांच्या आजाराने, साध्या संसर्गानेही वाढते. तेव्हा ते वाढले म्हणजे नैराश्य असे नव्हे; आणि दाहाचा संबंध काही रुग्णांपुरताच असल्याने रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रुग्णाचे म्हणणे कुणी उडवून लावू नये.