हिशेबाची वही : प्लास्टरचे पैसे वेगळे कशाला?

लहान मुलाच्या मांडीचे हाड मोडले, किंवा जन्मतःच खुब्याचा सांधा निखळलेला असला, तर पुष्कळदा छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. त्याला डॉक्टर मंडळी हिप स्पायका म्हणतात. मूल कित्येक आठवडे पाय फाकवून पडून राहते, आणि आईची मजुरी बुडते.

तेंदूपानाच्या हंगामात एटापल्ली तालुक्यातील एक जोडपे एका रुग्णालयाचे बिल घेऊन माझ्याकडे आले. हाड बसवणे एका ओळीत, भूल दुसऱ्या ओळीत, ‘प्लास्टर चार्ज’ तिसऱ्या. शेळ्या विकून पैसे भरलेले. रुग्णालय योजनेतले, पण रेशनकार्ड घरी पेटीत! कोणी ते मागितले नाही, यांनी दाखवले नाही.

वाचकहो, ही योजना म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला गडचिरोली होता. चंद्रपूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण ठरले.

आता कारकुनी मुद्दा. योजनेत प्रत्येक उपचाराला एक सांकेतिक क्रमांक आणि एक ठरीव रक्कम असते. त्या रकमेत भूल, औषधे, तपासण्या, जेवण, सारे आले. हाड बसवण्याचे पॅकेज मंजूर झाले की त्यातले प्लास्टरही आतच. आयुष्मान भारतच्या यादीत नुसते स्पायका लावण्याचीही नोंद आहे, पण एकाच कामाचे पैसे दोन्ही ओळींत घ्यायचे नाहीत. अमेरिकेतही एका पायाच्या स्पायकाला २९३०५ आणि दीड किंवा दोन्ही पायांच्या स्पायकाला २९३२५ असे क्रमांक आहेत. तिथेही मोडलेले हाड बसवण्याच्या क्रमांकात पहिले प्लास्टर धरलेले असते. पुढे प्लास्टर बदलावे लागले तर तो वेगळा हिशेब.

म्हणून पैसे मोजण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. कोणता क्रमांक टाकला, मंजुरी आली का, हे विचारा. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, तेही आधीच कळते. तातडीच्या वेळी रुग्णालय दूरध्वनीवरून मंजुरी मागू शकते, कागद मागाहून देता येतात. पैसे भरावेच लागले तर छापील पावती घ्या. चिठ्ठीवरच्या आकड्याची तक्रार कोण ऐकणार?

एक गोष्ट मात्र मला खटकते. पॅकेजमध्ये घरी परतण्याचे भाडे आहे, पण ते एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे. पाय फाकवलेले मूल एस.टी.च्या बाकावर मावणार कसे? सिरोंच्याच्या बापाला जीपच करावी लागते, आणि ते भाडे त्याच्याच माथी. ज्यांना हे भोगावे लागले त्यांनी जीपभाड्याची पावती जपून ठेवावी आणि जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज द्यावा. योजनेचा फोन १५५३८८, पैसे पडत नाहीत.